तीन पंखांची मधमाशी

माझ्या सासऱ्यांचं दुकान दिव्यांचं होतं आणि त्यात कमालीचा अंधार असे. शेजारचा घड्याळवाला रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "यांच्याकडे उजेड सोडून सगळं मिळतं." सासरे आतूनच उत्तर द्यायचे, "आणि तुमच्याकडे बरोबर वेळ सोडून." घड्याळवाल्याच्या भिंतीवरची सगळी घड्याळं आपापल्या मताने चालत, त्यामुळे हा विनोद दोघांनाही जन्मभर पुरला.

दिवे म्हणजे जुने, रॉकेलचे. वीज यायच्या आधी ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्या दिवाणखान्यातले. पितळी खांब, संगमरवरी बैठक, भोवती लोलकांची झालर. रॉकेलच्या काही टाक्या लाल काचेच्या. तो लाल रंग काचेत सोनं मिसळल्याशिवाय येत नाही, असं सासरे सांगत, आणि ऐकणाऱ्याचा हात आपोआप टाकीवरून मागे येई. एक जस्ताची ओतीव परी होती. तिला वरून कांस्याच्या रंगाचा हात दिलेला होता आणि ती कित्येक पिढ्या कांस्याची म्हणून मिरवत आली होती. सासऱ्यांना तिच्याबद्दल विशेष आदर होता. ते म्हणायचे, "उजेड काय, मेणबत्तीही देते. माणसं असला दिवा घ्यायची ती तो शेजाऱ्यांना दिसावा म्हणून."

असे दिवे अखंड क्वचितच मिळतात. एकाची टाकी फुटलेली असते, दुसऱ्याचा खांब वाकलेला. मग याची टाकी त्याच्या खांबावर बसवायची. धंद्यात याला लग्न लावणं म्हणतात. पुष्कळ दुकानदार हे लग्न गिऱ्हाइकापासून लपवतात. सासरे लपवत नसत. दिवा पुढे ठेवून सांगत, "याचं लग्न लागलेलं आहे, हं. मुलीकडचे वेगळे, मुलाकडचे वेगळे."

बायकोने मला पहिल्यांदा दुकानात नेलं तेव्हा ते असंच एक लग्न लावत होते. टाकीच्या गळ्यात ओलं प्लास्टर भरून दोन्ही तुकडे हातांनी दाबून धरलेले. लेकीने माझी ओळख करून दिली. त्यांनी मान वर केली नाही.

"प्लास्टर ओलं आहे तोवर धरून ठेवायचं," ते म्हणाले. "सुकलं की मग ते दोघं आपसांत बघून घेतात."

ही संमती होती, असं बायकोने मला नंतर रस्त्यात समजावून सांगितलं.

त्याच दिवशी त्यांनी मला नखाची परीक्षा शिकवली. जुन्या दिव्यांचे गोळे बहुधा दुधी काचेचे आणि त्यांवर फुलं रंगवलेली. रंग पक्का असेल, म्हणजे भट्टीत काचेवर भाजलेला असेल, तर फुलावरून नख अलगद वर चढतं आणि घसरतं. असा गोळा धुवा, घासा, नातवंडांच्या हातात द्या, फुलाला काही होत नाही. रंग कच्चा असेल, नुसता वरून लावलेला, तर नख त्यात किंचित रुततं. त्याला पाणी चालत नाही आणि ज्योतीची धगही चालत नाही. "कच्च्याला फक्त बघायचं," सासरे म्हणाले. "तेही लांबून."

मग मी, नुकतंच शिकलेल्या माणसाच्या उत्साहाने, काउंटरच्या मागे काचेच्या कपाटात ठेवलेल्या एका दिव्याकडे बोट केलं आणि विचारलं, "हा पक्का की कच्चा?"

"तो विकायचा नाही," सासरे म्हणाले.

तो सासूबाईंचा दिवा. साधा पितळी खांब, वर दुधी गोळा, गोळ्यावर जांभळी फुलं, हिरवी पानं आणि एका फुलापाशी एक मधमाशी. मधमाशीला पंख तीनच होते. चौथा फुलाच्या मागे गेलाय, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. सासरे त्यावर काही बोलत नसत, पण न बोलण्याची त्यांची एक पद्धत होती.

सासूबाई त्या दिव्याची हकीकत प्रत्येक नव्या माणसाला सांगत, आणि मी जावई म्हणजे हक्काचा नवा माणूस. "दिवा यांचा, फुलं माझी," अशी सुरुवात असे. लग्नाला फार काळ झालेला नव्हता. दुकानाची फुलं रंगवणारा कारागीर सोडून गेला होता. एक कोरा गोळा तसाच पडून होता. सासूबाई म्हणाल्या, मी काढते. सासरे म्हणाले, बघ. मग दुपारच्या दुपार त्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगाच्या ट्यूबा आणल्या. आमटी दोनदा करपली, याचाही उल्लेख होई. शेवटी सासऱ्यांनी गोळा रजईत गुंडाळला, भट्टीवर घेऊन गेले आणि संध्याकाळी तसाच रजईत गुंडाळून परत आणला. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"मी विचारलं, काय म्हणाला भट्टीवाला? तर हे म्हणाले," इथे सासूबाई थांबत, पदर नीट करत, "हे म्हणाले, भट्टीवाला विचारत होता, हात कोणाचा आहे?"

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की भट्टीवाला मला जवळचा नातेवाईक वाटू लागला. आयुष्यात त्यांची स्तुती करणारा तो बहुधा एकटाच माणूस होता, आणि त्याची त्यांची भेट कधीच झाली नव्हती.

"पण पेटवत मात्र नाहीत," त्या शेवटी म्हणत. "दुकानातला टिचका न् टिचका दिवा पेटवून दाखवतील. माझाच तेवढा नाही."

"का हो बाबा?" मी एकदा विचारलं.

"त्या मापाची वात मिळत नाही," सासरे म्हणाले.

त्यांच्या पाठीमागे वातींचं कपाट होतं. बोटाच्या पेराएवढीपासून तळहाताएवढीपर्यंत सगळ्या मापांच्या वाती त्यात मापवार लावलेल्या होत्या. पुढे कारण बदललं. बर्नरचे आटे झिजलेत. मग त्याला लागणारी चिमणी आता कोणी बनवत नाही. एकदा तर, हल्लीच्या रॉकेलमध्ये दम नाही. घरात हा विनोदच होऊन बसला होता. एखादं काम टाळायचं असलं की बायको मला म्हणायची, "का, वात मिळत नाही वाटतं?" हसण्यात सासूबाईही सामील असत. फक्त त्या जरा आधी थांबत.

पेटवत नसले तरी तो दिवा झटकायचे मात्र सासरे स्वतः. त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा नियमच होता. मऊ केसांचा एक ब्रश त्यांनी त्याच्यासाठी वेगळा ठेवला होता. फुलांवरून, पानांवरून तो सावकाश फिरायचा आणि मधमाशीपाशी आला की उचलला जायचा, तिला ओलांडून पलीकडे टेकायचा. मला वाटायचं, पंखांचा हिशेब चुकल्याबद्दल ही शिक्षा आहे. तिची धूळसुद्धा झटकायची नाही.

सासूबाई आजारी पडल्या आणि त्या आजाराने त्यांना उठू द्यायचं नाही असं ठरवलं. अंथरुणावर त्या फारसं काही मागत नसत. एका दुपारी लेकीला म्हणाल्या, "माझी फुलं काही दुकानाच्या तोडीची नव्हती. ते मला कळतं गं. पण एकदा आतून उजेड पडल्यावर कशी दिसतात, बघायचं होतं."

बायको तशीच दुकानात गेली. मी बरोबर होतो, म्हणजे मागे होतो.

"बाबा, आईचा दिवा घरी न्यायचाय. आज पेटवायचाय."

सासरे एका बर्नरची जाळी साफ करत होते. करत राहिले.

"धूर होईल," ते म्हणाले. "तिला खोकला आहे."

"नीट कापलेल्या वातीचा धूर होत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंय."

"तरी होतो थोडा."

"बाबा, तिला बघायचंय. एकदाच."

"बरी होऊ दे. मग बघू."

त्या बऱ्या होणार नव्हत्या, हे त्या दुकानात तिघांनाही माहीत होतं. बाहेर पडताना बायकोने दार जोराने लावलं, आणि दुकानातले सगळे लोलक एकमेकांवर आपटून कितीतरी वेळ किणकिणत राहिले. सासूबाई दिवा न पेटताच गेल्या.

त्यानंतर बायको वडिलांशी बोलायची ती माझ्यामार्फत. ते समोर बसलेले असत. ती मला विचारी, "चहा घेणार का म्हणावं?" मी विचारी, "बाबा, चहा?" ते मला सांगत, "अर्धा." मी तिला सांगे, "अर्धा." टपालखात्यातली माझी सगळी नोकरी एकीकडे आणि त्या काळात मी केलेली टपालाची ने-आण एकीकडे.

पुढे सासऱ्यांचे गुडघे गेले. स्टुलावर चढता येईना. ज्या दुकानात निम्मा माल छताला टांगलेला असतो ते स्टुलाशिवाय चालत नाही. दूरच्या गावचा एक व्यापारी आला आणि लोलक, टाक्या, लग्नं लागलेली आणि न लागलेली सगळी मंडळी खोक्यांत भरून घेऊन गेला. जस्ताची परीही गेली. तिला शेवटपर्यंत कोणी जस्ताची म्हटलं नाही. सासरे आमच्याकडे राहायला आले. कपड्यांची एक बॅग, वाती कापायची कात्री, तो मऊ ब्रश आणि रजईत गुंडाळलेला तो दिवा. टॅक्सीत त्यांनी तो मांडीवर घेतला होता. ड्रायव्हरने विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?"

बायकोने तो बाहेरच्या खोलीत कपाटावर ठेवू दिला. म्हणजे मला सांगितलं, "ठेवू देत." पण दिव्याकडे बघताना तिचा जबडा घट्ट व्हायचा, आणि मला त्या जबड्याचा बऱ्यापैकी अनुभव आहे.

एका रविवारी सासरे केस कापायला म्हणून बाहेर गेले. जिना उतरतानाची त्यांची काठी ऐकू येईनाशी झाली तशी बायको उठली.

"आज पेटवणार आहे मी तो. आता दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, खोकलाही नाही. ते येतील तेव्हा पेटलेला असेल. बघू काय कारण सांगतात."

"त्यांना विचारून..."

"विचारलं होतं. तुम्ही होतात की."

मी होतो. मागे.

दुसऱ्या कोणाच्या घरी असा दिवा असता तर त्यांनी वरच्यावर पुसून, काडी ओढून पेटवला असता. पण ती दिव्यांच्या दुकानात वाढलेली. काचेवर धूळ राहिली की धगीने ती तिथेच बसते आणि डाग कायमचा राहतो, म्हणून गोळा आधी धुवायचा, मग पेटवायचा. हे तिला हात-पाय धुऊन जेवायला बसावं इतकं अंगवळणी होतं. तिने टबात कोमट पाणी घेतलं, साबणाचा फेस केला, तळाला जुना टॉवेल अंथरला, काच टबाला आपटू नये म्हणून. तेही वडिलांनीच शिकवलेलं. कोरडा टॉवेल धरून उभं राहण्याचं काम माझ्याकडे आलं. सासरच्या धंद्यात मला मिळालेला हा एकमेव हिस्सा.

नखाची परीक्षा तिने केली नाही. करायचं कारणच नव्हतं. भट्टीवाल्याने विचारलं होतं, हात कोणाचा आहे. हे वाक्य ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती.

गोळा तिने पाण्यात बुडवला आणि सरावाच्या हातांनी फिरवत चोळला. पुढून, मागून, वरून.

"केवढी धूळ बसलीय बघा," ती म्हणाली.

मी बघत होतो. धूळ जांभळी नसते, हे माझ्या लक्षात आलं. पण मी काही बोलायच्या आत तिलाही दिसलं. तिने गोळा झटकन वर काढला. तो पांढरा होता. मधमाशी गेली होती, फुलं गेली होती, एका बाजूला एक पान अर्धंमुर्धं उरलं होतं. ते वाचवावं म्हणून तिने त्यावर बोट ठेवलं, तर तेही बोटाला आलं.

ती तशीच उभी राहिली. गोळ्यावरून पाणी ठिबकत होतं. मी टॉवेल पुढे केला, कारण तो हातात होता.

सासरे आले तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो होतो आणि मध्ये तो पांढरा गोळा होता. ते दारात थांबले. नवीन कापलेल्या केसांमुळे त्यांचे कान जरा मोठे दिसत होते. त्यांनी गोळ्याकडे पाहिलं, मग मोरीत ठेवलेल्या टबाकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले.

"बाबा," बायको म्हणाली. सासूबाई गेल्यानंतर मला वगळून त्यांना मारलेली ती पहिली हाक. "बाबा, रंग कच्चा होता."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी नेला होता ना भट्टीवर." त्यांनी काठी टेबलाला टेकवली, ती घसरली, त्यांनी परत टेकवली. "त्याने बघितला आणि हसला. म्हणाला, हे शाळेतल्या पोरांचे रंग. भट्टीत घातले तर जळून काळे होतील. मी परत आणला."

"मग आईला सांगायचं की."

"सांगणारच होतो. वाटभर जुळवत होतो कसं सांगायचं ते. तर ती दारातच उभी. हातांना रंग तसाच. म्हणाली, काय म्हणाला?" ते थांबले. "मी म्हटलं, विचारत होता, हात कोणाचा आहे."

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती.

"एकदा तसं म्हटल्यावर," सासरे म्हणाले, "मग पेटवता येईना. धगीने फुलं फुगून आली असती, तिच्यासमोर. मग तो भट्टीवालाही गेला असता आणि मीही."

"पण तिला काय वाटत होतं, माहीत आहे? तिला वाटत होतं तुम्हाला तिची फुलं आवडली नाहीत. शेवटपर्यंत."

"माहीत आहे."

"मग पक्के रंग आणून द्यायचे होते! तिने परत काढली असती!"

"परत काढायची म्हणजे आधीची पुसावी लागतात," सासरे म्हणाले. "मला धीर झाला नाही."

बायकोने टेबलावर डोकं ठेवलं. तिचे खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. सासऱ्यांनी हात पुढे केला तो तिच्या डोक्याकडे चालला आहे असं मला वाटलं, पण वाटेत गोळा होता. त्यांनी अंगठ्याचं नख काचेवर ठेवलं आणि सावकाश सगळीकडून फिरवलं. ते कुठेही वर चढलं नाही, कुठेही रुतलं नाही.

"स्वच्छ धुतलास," ते म्हणाले. "एक रेघ ठेवली नाहीस. दुधी काच अशीच धुतात."

मला वाटतं, त्या घराण्यात याहून मोठं सांत्वन कोणाला करता येत नसावं. बायको आता मोठ्याने रडू लागली. मग त्यांचा हात गोळा ओलांडून तिच्या केसांपर्यंत पोहोचला.

बऱ्याच वेळाने ते मला म्हणाले, "जावईबापू, रॉकेल आणलंय का?"

रॉकेल बायकोने आदल्या दिवशीच आणून ठेवलेलं होतं. मी बाटली आणि दिवा टेबलावर ठेवला. तिने डोळे पुसले आणि टाकी भरण्यासाठी बर्नर फिरवला. तो पहिल्याच वळशाला निघाला. आटे नव्यासारखे होते. बर्नरमध्ये वात होती. बरोबर मापाची, पांढरीशुभ्र, वरून सरळ कापलेली आणि ज्योतीला कोपरे फुटू नयेत म्हणून दोन्ही कडा किंचित गोल केलेली. कधीच न पेटलेली. काळाने तिचा कापूस जरा पिवळट झाला होता, एवढंच.

"ही कधी घातलीत?" बायकोने विचारलं.

"भट्टीवर नेला त्याच्या आदल्या दिवशी," ते म्हणाले. "आल्यावर लगेच पेटवायचा होता."

तिने टाकी भरली. वात तेल ओढेपर्यंत थांबायचं असतं, तसे आम्ही थांबलो. मग तिने काडी ओढली, चिमणी बसवली, वर गोळा बसवला. वात एवढीही धुरकटली नाही. खोलीभर पांढरा, मऊ, निर्दोष उजेड पडला. दुकानातल्या कुठल्याही दिव्याचा पडायचा तसाच.

"छान जळतो," सासरे म्हणाले. ते दिव्याकडे बघत नव्हते. मोरीकडे बघत होते, टबाकडे.

त्या टबातला टॉवेल बायकोने अजून ठेवला आहे. जांभळा डाग काही केल्या गेला नाही, पक्का बसला. ती बापलेक आता एकमेकांशी बोलतात, चहाचा निरोप माझ्यामार्फत जात नाही, आणि कबूल करायला हरकत नाही की कधी कधी मला त्या टपालाची आठवण येते. दिवा बाहेरच्या खोलीत असतो. आल्या-गेल्याला वाटतं, एवढी जुन्या दिव्यांची माणसं आणि घरात ठेवलाय काय, तर एक कोरा गोळा. कोणी विचारलं तर बायको म्हणते, "आईचा आहे." फुलांबद्दल काही सांगत नाही.

सासरे रोज सकाळी तो झटकतात. तोच मऊ ब्रश. पांढऱ्या काचेवरून तो सावकाश फिरतो, इकडून तिकडे, वरून खाली. मधेच एका ठिकाणी ते थांबतात. मधमाशीपाशी रंग जाड होता आणि तिथे तो सुटायला लागला होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पंखांशी त्याचा काही संबंध नव्हता. तिथे आले की ब्रश उचलला जातो, हवेतून पलीकडे जातो आणि मग टेकतो.